वाटीत मावतं किती, काट्यावर भरतं किती

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. नाशिकच्या सिडकोत राहणारी एक मुलगी यंदा पहिल्यांदा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणार आहे. आईच्या हातची कृतींची वही तिच्याकडे आहे, पण त्यात सगळं वाटीत आणि चमच्यात. गिऱ्हाईक मागणार किलोत. मध्यंतरी तिने एका छापील कृतीवरून नानकटाई केली. कृतीत मैदा 250 ग्रॅम होता, हिच्या मापाच्या कपावर 250 मिली लिहिलेलं होतं, म्हणून तिने एक कप मैदा घेतला. नानकटाई ओव्हनमध्ये पसरून सगळ्या ट्रेचा एकच तुपकट थर झाला. ती विचारते, "काकू, एक वाटी म्हणजे नक्की किती ग्रॅम? सगळ्या जिन्नसांचा एक तक्ता मिळेल का?"

मिळेल. पण तो माझ्या वाटीचा असेल आणि तुझी वाटी माझ्या वाटीएवढी असेलच असं नाही. मी सव्वीस वर्षं पंचवटीत फराळाच्या ऑर्डरी घेतेय आणि शिकवतेय. या काळात दुसऱ्याच्या तक्त्यावर विसंबून वाया गेलेलं सामान मी इतक्या घरांत पाहिलंय की, नुसता तक्ता तुझ्या हातात द्यायला माझं मन धजत नाही. तक्ता कसा करायचा ते सांगते. एका दुपारचं काम आहे आणि मग जन्मभर पुरतं.

पहिलं तुझ्या नानकटाईचं. मिली म्हणजे जागा आणि ग्रॅम म्हणजे भार. या दोन्हींचे आकडे जुळतात ते पाण्याच्या बाबतीत, आणि दूध-ताकासारख्या पाण्याच्या भावंडांत जवळपास जुळतात. तुझ्या 250 मिलीच्या कपात मैदा मावला असेल 130 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कृतीला हवा होता त्याच्या निम्माच मैदा पडला आणि तूप मात्र जवळजवळ पूर्ण पडलं. नानकटाई पसरणारच होती. तुझा हात चुकला नाही, ओव्हनही चुकला नाही. फरक केवढा असू शकतो ते पाहायचं तर वाटीभर कुरमुरे आणि वाटीभर बारीक मीठ काट्यावर ठेवून बघ. माझ्या वाटीत कुरमुरे भरतात 12 ग्रॅम आणि मीठ 215.

हा घोळ आपल्याकडे नवा नाही. माझ्या सासूबाईंच्या माळ्यावर पितळेची मापं होती: शेर, मापटं, चिपटं, कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. ही सगळी भरायची मापं. पण वाण्याकडे तराजूत टाकला जायचा त्यालाही शेरच म्हणत, आणि तो 80 तोळ्यांचा, आजच्या हिशोबात सुमारे 933 ग्रॅमचा. नाव एक, अर्थ दोन. त्या काळच्या बायकांना कुठला शेर कुठे लागू ते बोलण्यावरून कळायचं. धान्य आणि दूध मापाने, गूळ आणि तूप वजनाने. 1956 च्या कायद्याने किलो-लिटर आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर बाजारातून गेला, पण वह्यांमधून गेला नाही. तुझ्या आईच्या वहीत आजीने सांगितलेलं काही असेल तर 'पावशेर', 'अच्छेर', 'नवटाक' हे शब्द सापडतील. जुना पावशेर 233 ग्रॅमचा, आज आपण तोच शब्द 250 ग्रॅमला वापरतो. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, 466 ग्रॅम आणि नवटाक म्हणजे पावशेराचं अर्धं, 117 ग्रॅम. एखाद्या कृतीत सगळंच वजनाच्या शेरात असेल तर काही बदलायची गरज नाही, पावशेराला पाव किलो धरलंस तरी सगळे जिन्नस सारखेच वाढतात. पंचाईत होते ती निम्मं वाटीत आणि निम्मं शेरात असेल तेव्हा. तिथे खरा आकडाच धर.

इंग्रजी कृतींतही असाच दुहेरी शब्द आहे, औंस. वजनाचा औंस साधारण 28 ग्रॅमचा आणि पातळ पदार्थाचा औंस साधारण 30 मिलीचा. एक कप म्हणजे 8 औंस हे वाचून कुणी 8 औंस मैदा म्हणजे एक कप धरला, तर तुझ्या नानकटाईचंच होतं. 8 औंस मैदा म्हणजे 227 ग्रॅम, आणि कपभर मैदा 125 च्या आसपास.

आता तुझी वाटी. रोज वापरातली, सपाट काठाची, फार पसरट नसलेली एक वाटी निवड. पसरट वाटीला शीग, म्हणजे काठाच्या वर येणारा ढीग, जास्त लागते आणि माप दर वेळी बदलतं. वाटी कोरडी करून काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण, काठोकाठ पाणी भर. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढ्या मिलीची तुझी वाटी. माझी 180 ची आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली घरून वाट्या आणतात, त्यांत 120 पासून 220 पर्यंतच्या निघाल्या आहेत आणि प्रत्येकीच्या घरी तिला 'एक वाटी'च म्हणतात.

काटा नसेल तर घे. पाच किलोपर्यंत तोलणारा आणि एक-एक ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो, भांडी बाजारात मिळतो. आणल्यावर तपासायचा कसा? ओळखीच्या किराणावाल्याकडे घेऊन जा आणि त्याच्याकडचं अर्धा किलोचं मुद्रांकित वजन त्यावर ठेवून बघ. त्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. दोन-चार ग्रॅमचा फरक आला तरी चालेल. दर वेळी वेगळा आकडा आला तर तो काटा परत कर.

मग एकेक जिन्नस त्या वाटीने भरून तोल आणि आईच्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिही. माझ्या 180 च्या वाटीचे आकडे देते, तुझे याच्या आसपास पण वेगळे येतील. तांदूळ, हरभरा डाळ, तूरडाळ तिन्ही 150 च्या अलीकडे-पलीकडे, उडीद डाळ 155. साखर 155, पण तीच दळली की पिठीसाखर वाटीला फक्त 90. म्हणून वाटीभर साखर दळल्यावर दीड वाटीच्या वर पिठीसाखर निघते आणि 'एक वाटी साखर, दळून' आणि 'एक वाटी पिठीसाखर' या दोन कृती वेगळ्या होतात. मैदा आणि कणीक 95. नेहमीचं बेसन 80, लाडवाचं जाडसर बेसन 95. बारीक रवा 125, तांदळाची पिठी 110. साबुदाणा 115, शेंगदाणे 110, त्यांचं कूट 80. ओल्या नारळाचा चव, न दाबता, 60. जाडे पोहे 65 आणि पातळ पोहे जेमतेम 25-30. दूध 185, तेल 165, पातळ केलेलं तूप 163, मध 255. चिरलेल्या गुळाचा आकडा देत नाही. मोठे खडे आणि बारीक किसलेला यांत वाटीमागे 40-40 ग्रॅमचा फरक मी पाहिलाय. गूळ नेहमी तोलूनच घ्यायचा.

तुझी वाटी वेगळी निघाली किंवा कृती कपात असली तर एक भागाकार करायचा. जिन्नसाचं वजन भागिले तेवढ्याच पाण्याचं वजन. बेसनाचे 80 भागिले 180 म्हणजे 0.44. हा आकडा बेसनाचा झाला, वाटी कुठलीही असो. 240 मिलीच्या कपात बेसन किती? 240 गुणिले 0.44, साधारण 106 ग्रॅम. उलट जायचं तर ग्रॅमला त्याच आकड्याने भागायचं. वहीत प्रत्येक जिन्नसापुढे हा आकडा लिहून ठेवलास की, जगातल्या कुठल्याही कृतीला तुझ्या घरच्या भांड्यात उतरवता येतं.

पिठांचं मात्र जरा सांभाळून. डाळ-तांदूळ वाटीत पडले की आपापल्या जागी बसतात, पीठ तसं बसत नाही, त्यात हवा असते. माझ्या वर्गात मी हे पहिल्याच दिवशी करून दाखवते. एकच मैद्याचा डबा, एकच वाटी. मैदा चाळून, चमच्याने हलकेच वाटीत सोडला आणि वरून सुरीने सपाट केला: 85 ग्रॅम. चाळला नाही, पण चमच्यानेच भरला: 95. डब्यात वाटी खुपसून भरून काढली: 108. वाटी ओट्यावर दोनदा आपटली, वरून अजून घातला आणि तळव्याने दाबला: 120. चारही वेळा वाटी 'सपाट एक वाटी'च होती. पहिल्यात आणि चौथ्यात 35 ग्रॅमचा फरक. पाच वाट्या मैद्याच्या कृतीत तोच फरक पावणेदोनशे ग्रॅमवर जातो, म्हणजे जवळजवळ दोन वाट्या मैदा. "त्याच मापाने केलं तरी या वेळी शंकरपाळी कडक झाली" असं बायका सांगतात, त्यातल्या निम्म्या वेळा कारण इथेच असतं. गिरणीतून आत्ता आणलेलं गरम पीठ फुललेलं असतं, तेच महिनाभर डब्यात खाली बसतं. जुलै-ऑगस्टात पीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा तोलूनसुद्धा पाणी जरा कमी लागतं. तिथे काट्याच्या पुढे हाताला विचारावं लागतं.

आईच्या वहीत 'एक वाटी मैदा' असेल तर ती वाटी आई कशी भरायची ते तिला विचार. माझ्या आईची वाटी नेहमी डब्यात खुपसलेली असायची, चाळणी नंतर. मी तिच्या कृती वजनात उतरवताना मैद्याला 108 धरलं, 95 नाही, तेव्हा तिच्यासारखी चव आली.

आता माझी एक चूक सांगते, कारण तू नेमकी त्याच वाटेवर आहेस. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे दहा किलो चकलीची ऑर्डर आली. घरची भाजणी वाटीची: 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, 1 वाटी जाडे पोहे, वर धणे-जिरे. मी एक वाटी म्हणजे पाव किलो असा सरळ हिशोब केला. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, पाव किलो पोहे, आणि या प्रमाणात दळण आणलं. पहिला घाणा तेलात सोडला आणि चकल्या कडेने सुटायला लागल्या. ज्या राहिल्या त्या तेल पिऊन बसल्या, कागदावर ठेवल्या तर कागद आरपार दिसायला लागला. मी मोहन कमी केलं, पाणी बदललं, तेलाची आच बदलली. रात्री अकरापर्यंत भाजणीत काय चुकलं ते मला कळलं नाही.

चुकलं होतं ते पोह्यांत. तांदूळ आणि डाळी वाटीत जवळजवळ सारख्याच भरतात, म्हणून 4:2:1 हे प्रमाण वाटीत घेतलं काय आणि किलोत घेतलं काय, तेच राहतं. पोहे त्यांच्यात बसत नाहीत. वाटीभर तांदूळ 150 ग्रॅम आणि वाटीभर पोहे 65. किलोभर तांदळाला पोहे हवे होते 108 ग्रॅम, मी घातले 250. अडीचपटीला थोडेसेच कमी. दुसऱ्या दिवशी पोहे वगळून केलेलं नवं दळण त्यात मिसळलं आणि ऑर्डर एक दिवस उशिरा दिली. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. वाटीतून किलोत जाताना सगळ्या जिन्नसांना एकाच आकड्याने कधी गुणायचं नाही. आधी प्रत्येकाचे ग्रॅम करायचे, मग वाढवायचं.

तुझ्या कामाचंच उदाहरण घे, बेसनाचे लाडू. समज आईच्या वहीत आहे: 4 वाट्या जाडसर बेसन, सव्वा वाटी तूप, 3 वाट्या पिठीसाखर. माझ्या वाटीने बेसन 380 ग्रॅम, तूप 204, साखर 270. आता बेसनाला शंभर धर. तूप येतं 54, साखर 71. बेकरीवाले पावाचा हिशोब असाच करतात, मैद्याला शंभर धरून बाकी सगळं त्याच्या हिशोबात. किलोभर बेसनाला तूप 540 ग्रॅम आणि पिठीसाखर 710. सगळं मिळून सव्वादोन किलो. उद्या कुणी तीन किलो लाडू मागितले तर बेसन लागणार 3 भागिले 2.25, म्हणजे सव्वातेराशे-साडेतेराशे ग्रॅम. कढईला आणि ताटाला चिकटतं ते धरून मी थोडं जास्तच घेते. हा हिशोब हातात असला की यादी करताना अंदाजाने तूप आणावं लागत नाही, आणि तुपाचे भाव बघता ते परवडतही नाही.

तुपाचा आणखी एक मुद्दा. वहीतलं 'एक वाटी तूप' पातळ की थिजलेलं? आपल्याकडे डिसेंबरात सकाळी तूप दगडासारखं होतं. थिजलेलं रवाळ तूप चमच्याने वाटीत दाबलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि वाटी भरल्यासारखी दिसून तूप कमी पडतं. फेसून हलकं केलेलं तूप असेल तर आणखी कमी. तोलायला लागलीस की हा प्रश्नच उरत नाही, कारण 200 ग्रॅम तूप थिजलेलं असो की पातळ, 200 ग्रॅमच. आणि दुकानात तूप-तेल लिटरने मिळतं ते लक्षात ठेव. लिटरभर तुपाच्या पाकिटावर वजन बघ, साधारण 905 ग्रॅम लिहिलेलं असतं. तेलाचं लिटरही किलो नसतं, 910 च्या आसपास. त्यात तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं आणि 60 अंशांना 893. काही कंपन्या पाकिटावर जास्त तापमानाचं लिटर लिहायच्या, म्हणून 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता माप आणि वजन दोन्ही बरोबर छापायला सांगितलं. तू दरपत्रक काढशील तेव्हा तेलाचा भाव लिटरवर नको, पाकिटावरच्या ग्रॅमवर काढ.

चमच्यांचं काय करायचं? मापाचे चमचे ठरलेले आहेत, चहाचा 5 मिली आणि मोठा 15 मिली. घरातला पोह्यांचा चमचा या दोन्हींत कुठेच बसत नाही. माझ्या घरच्या एकाच डब्यातले तीन चमचे पाण्याने मोजले तर 8, 10 आणि 12 मिली निघाले. मापाच्या चहाच्या चमच्यात बारीक मीठ 6 ग्रॅम, खायचा सोडा 5, बेकिंग पावडर 4 ते 5, साखर 4, तेल साडेचार, हळद 3. सपाट हं. शीग लावलेला चमचा दीड-पावणेदोन चमचे होतो, आणि सोड्याच्या बाबतीत तेवढ्याने पदार्थ कडवट लागतो. तीन-चार ग्रॅम असं तोलायला जाऊ नकोस. आपले घरगुती काटे इतक्या थोड्या वजनाला दाद देत नाहीत. चिमटीने हळूहळू टाकत राहिलीस तर आकडा शून्यावरच राहतो आणि सोडा पडत जातो. सोडा, वेलदोडा, जायफळ, यीस्ट हे मापाच्या चमच्यानेच घ्यायचं. फारच मोठ्या ऑर्डरीत, दहा चमचे एकदम लागले की मग तोल. कोरड्या यीस्टचा चहाचा चमचा 3 ग्रॅमचा.

मिठाचं मोठं माप मात्र नेहमी काट्यावर. बारीक मीठ माझ्या वाटीला 215 ग्रॅम भरतं, जाडसर कुटलेलं खडे मीठ 175. कैरीच्या किलोभर फोडींना मी 180 ग्रॅम मीठ घेते. ज्या घरात 'एक वाटी मीठ' असं लिहिलेलं असतं आणि मीठ कधी खडे, कधी बारीक वापरतात, तिथे एका वर्षी लोणचं खारट होतं आणि एका वर्षी त्यावर बुरशी येते. टिकवायच्या पदार्थात मीठ कमी पडणं ही चवीपुरती गोष्ट नाही.

आणि कुठे काटा काढायचा नाही तेही सांगते, नाहीतर तू भाताचंही वजन करत बसशील. तांदूळ आणि पाणी वाटीनेच मोजायचे. एकाला दोन, एकाला अडीच, हे एकाच वाटीचं आपसातलं प्रमाण आहे, वाटी लहान असो की मोठी. त्यात आपल्या त्र्यंबक-इगतपुरीकडच्या नव्या इंद्रायणीला पाणी कमी लागतं आणि जुन्या तांदळाला जास्त, ते काही काट्यावर दिसत नाही. इडलीचे डाळ-तांदूळ, साबुदाण्याला लागणारं पाणी, सांजा, उपमा, सगळं वाटीत उत्तम होतं. आमटी-भाजीला तर मापच नको. काटा लागतो तिथे, जिथे पीठ, तूप आणि साखर एकमेकांवर अवलंबून असतात, जिथे टिकवायचं असतं, आणि जिथे चार जणांच्या कृतीतून चाळीस जणांचं करायचं असतं.

चिवड्याच्या ऑर्डरी आल्या तर भांड्यांचा विचार उलट्या बाजूने कर, ग्रॅमवरून जागेकडे. एक किलो पातळ पोहे म्हणजे सहा-सात लिटर जागा, आणि परतायला, हलवायला त्याच्या दुप्पट. तीन किलो चिवड्याची ऑर्डर घेऊन घरच्या कढईत तो चार-पाच वेळा करत बसलेल्या मुली मी पाहिल्यात. आधी पातेल्यात पाणी ओतून ते किती लिटरचं आहे ते बघ आणि तळाला बाहेरून खडूने लिहून ठेव.

परदेशी कृती करणार असशील तर एवढं लक्षात असू दे. अमेरिकेचा कप 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200, आणि राइस कुकरसोबत येतो तो 180. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा 20 मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी 15. लोण्याची 'स्टिक' म्हणजे 113 ग्रॅम. कृतीत ग्रॅम दिलेले असले तर कपांकडे बघायचंच नाही.

आता सगळ्यांत अवघड, 'मावेल तेवढा मैदा'. तुझ्या आईच्या शंकरपाळ्यांच्या कृतीत हे असणारच, माझ्या आईच्याही आहे. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा. याला तक्त्यात उत्तर नाही, पण काट्यावर आहे. मैद्याचा डबा झाकणासकट तोलून आकडा लिहून ठेव. आईला शेजारी बसव आणि तिच्या हाताने पीठ मळू दे. ती थांबली की डबा पुन्हा तोल. जेवढा कमी झाला तेवढा 'मावेल तेवढा'. माझ्या वाटीने केलं तर 500 ते 550 ग्रॅमच्या मध्ये येतो. असं दोन-तीनदा केलंस की तिच्या हाताचा पल्ला तुला कळेल आणि तो तसाच वहीत लिही, '500 ते 550', एकच आकडा नको. त्याच वेळी तळून निवलेली शंकरपाळी पण तोल. मळताना आत गेलं किती आणि डब्यात आलं किती, हे कळल्याशिवाय किलोचा भाव सांगू नकोस. पाणी उडतं, तेल आत येतं, आणि प्रत्येक पदार्थात हे वेगळं होतं. पाकिटावर निव्वळ वजन लिहावं लागेल तेही पूर्ण गार झाल्यावरचंच.

राहिलं एकच. तू लिहिलंयस की आईची वाटी गावी आहे आणि तू इथे स्टीलचा नवा संच घेतलाय. तो संच ठेव, पण आधी ती जुनी वाटी माग. ती वही त्या वाटीत लिहिलेली आहे. आईला यायला जमणार नसेल तर तिला सांग, वाटी किराणावाल्याकडे घेऊन जा, रिकामी तोल, पाण्याने भरून तोल आणि दोन्ही आकडे फोनवर सांग. वाटी येणार असेल तर जशी आहे तशी मागव. तिला पोचा आलेला असेल तर भांडी बाजारात नेऊन तो काढून घेऊ नकोस, पोचा निघाला की माप बदलेल.